“समजलं का?” विचारलं की वर्ग गप्प का होतो?

वाचकाचं पत्र

मी दर शनिवारी ऑनलाइन एक्सेल शिकवते. झूमवर दीड तास, साधारण ४० जण. बहुतेकांचे कॅमेरे बंद असतात. मधूनमधून मी विचारते, “समजलं का? काही शंका?” उत्तर येत नाही. बोलतात ते नेहमीचे दोघंच. पोल घेऊन पाहिले. लोक क्लिक करतात, पण त्यामुळे वर्गात काही फरक पडला असं वाटलं नाही. ब्रेकआउट रूममध्ये (झूमवरच्या छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्यांत) पाठवलं तर दहा-बारा जण तिथूनच निघून गेले. आता पुढच्या महिन्यात ३०० जणांचा वेबिनार घ्यायचा आहे. लोकांना बोलतं कसं करायचं?

उत्तर

तुमच्या पत्रातल्या एका ओळीबद्दल आधी बोलायला हवं: लोक पोलवर क्लिक करतात, पण वर्गात काही फरक पडत नाही. म्हणजे तुमचे विद्यार्थी उत्तर द्यायला तयार आहेत. अडचण उत्तर आल्यानंतरची आहे. पोल झाला, “छान, बहुतेकांचं बरोबर आहे” म्हटलं आणि ठरलेली पुढची स्लाइड आली, असं दोनदा झालं की समोरच्याला कळतं, आपण काहीही दाबलं तरी तास ठरल्याप्रमाणेच चालणार. मग तो नुसता ऐकत बसतो, आणि थोड्या वेळाने तेही सोडतो. म्हणून पुढच्या सगळ्या सल्ल्यामागे एकच कसोटी धरा: आलेल्या उत्तरामुळे तुमची पुढची पाच मिनिटं बदलणार नसतील, तर तो प्रश्न विचारूच नका.

या कसोटीवर “समजलं का?” सगळ्यात आधी बाद होतो. त्याला “नाही” म्हणायचं तर ३९ जणांसमोर कबुली द्यावी लागते, आणि नेमकं काय कळलं नाही हेही सांगावं लागतं. ज्याला कळलेलं नाही त्याला तेच सांगता येत नाही. “हो” आलं तर त्यातून तुमच्या हाती काही लागत नाही.

शिवाय ऑनलाइन बोलण्यात एक तांत्रिक खोच आहे. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. २००९ साली दहा भाषांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भाषा बदलली तरी हे अंतर फारसं बदलत नाही असं दिसलं. इंटरनेटवरून आवाज पोचायलाही बऱ्याचदा याच मापाचा वेळ लागतो. त्यामुळे दोघं एकदम बोलायला लागतात, दोघंही थांबतात, “तुम्ही बोला”, “नाही, तुम्हीच बोला” सुरू होतं. एक-दोनदा असं झालं की भिडस्त माणूस माइकला हात लावत नाही. उरतात ते धीट दोघं. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतं.

तेव्हा सगळ्यांसमोर माइक सुरू करून बोलणं ही ऑनलाइन वर्गातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे असं समजून चला. त्याच्या अलीकडे बऱ्याच सोप्या पायऱ्या आहेत: एक क्लिक, चॅटमध्ये एक आकडा, एक शब्द, एक वाक्य, मग तीन-चार जणांत बोलणं, आणि शेवटी सगळ्यांसमोर. तुम्ही थेट शेवटच्या पायरीवर बोलावता म्हणून कुणी येत नाही. तास सुरू झाल्यावर पहिल्या तीन मिनिटांत प्रत्येकाकडून एक क्लिक किंवा एक आकडा घ्या. पहिली दहा मिनिटं नुसतं ऐकण्यात गेली, तर माणसाच्या मनात “आज बघायला बसलोय” असं पक्कं होतं आणि नंतर ते मोडणं फार जड जातं.

आता प्रश्न कसा घडवायचा ते तुमच्याच विषयातून पाहू. बी२ ते बी६ या सेलमध्ये (बी स्तंभातल्या दुसऱ्या ते सहाव्या ओळीच्या चौकटींत) १०००, २०००, ३०००, ४००० आणि ५००० या रकमा आहेत. एफ१ मध्ये १० टक्के हा दर आहे. सी२ मध्ये =बी२*एफ१ लिहिलं आणि ते सूत्र खाली सी३ मध्ये ओढलं. आता सी३ मध्ये कोणतं सूत्र दिसेल? पर्याय चार: बी३*एफ१, बी३*एफ२, बी२*एफ१, किंवा एरर. बरोबर उत्तर बी३*एफ२. पहिला पर्याय निवडणाऱ्याला वाटतं की दराचा सेल आपोआप जागेवर राहतो. तिसरा निवडणाऱ्याला ओढल्यावर सूत्र सरकतं हेच माहीत नाही. चौथा निवडणारा सूत्र बिघडलं म्हणजे एक्सेल आपल्याला सांगेलच अशा भरवशावर आहे. एफ२ रिकामा असल्यामुळे प्रत्यक्षात नुसतं शून्य येतं, तक्रार कुठलीच येत नाही. असा प्रत्येक चुकीचा पर्याय एका खऱ्या गैरसमजातून आला पाहिजे. गंमत म्हणून घातलेला पर्याय कुणी निवडत नाही, आणि निवडला तरी त्यातून तुम्हाला काही कळत नाही. पर्याय सुचत नसतील तर आधीच्या सरावातल्या चुका चाळा, तिथे तयारच सापडतील.

हा प्रश्न सूत्र शिकवण्याआधी विचारा. “काय होईल?” असा अंदाज बांधायला सांगितलं की चुकण्यात कमीपणा वाटत नाही, आणि अंदाज बांधलेल्या माणसाला उत्तर पाहायची उत्सुकता असते.

पोलचं उत्तर आल्यावर काय करायचं, याची घडी हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वर्गात बसवली. तीस टक्क्यांहून कमी जणांचं बरोबर असेल तर चर्चा करून उपयोग नाही, वेगळ्या उदाहरणाने पुन्हा शिकवावं. तीस ते सत्तर टक्क्यांच्या मध्ये असेल तर उत्तर न सांगता विद्यार्थ्यांना आपसात बोलू द्यावं आणि तोच प्रश्न पुन्हा टाकावा. सत्तरच्या वर असेल तर थोडक्यात खुलासा करून पुढे जावं. यात एक पथ्य कडक पाळा: दुसऱ्या मतदानाआधी निकाल दाखवू नका. निकाल दिसला की लोक विचार सोडून बहुमताकडे सरकतात. झूममध्ये निकाल शेअर केल्याशिवाय सहभागींना दिसत नाही, पण घाईत ते बटण दाबलं जातं. तोच पोल पुन्हा चालू करण्यापेक्षा एकाच प्रश्नाच्या दोन प्रती आधीच तयार ठेवाव्या, म्हणजे पहिला आणि दुसरा निकाल वेगवेगळे राहतात. पोल चालू असताना मोजणी बोलत राहा: “सव्वीस जणांचं आलं, अजून वीस सेकंद.” चाळिसातले बत्तीस-तेहतीस जण आले की बंद करा. शेवटच्या माणसासाठी थांबलात तर बाकीचे दुसऱ्या खिडकीत जातात.

यासाठी तुमच्याकडे दोन वाटा तयार हव्यात. प्रत्येक पोलमागे पाच मिनिटांचं एक जादा उदाहरण बनवून ठेवा. कमी जणांचं बरोबर आलं तर ते काढायचं, नाहीतर सोडून द्यायचं. अर्थात दीड तासात आज जेवढं शिकवता तेवढं मावणार नाही. जवळजवळ एक तृतीयांश मजकूर काढावा लागेल. तो काढताना जिवावर येतं, हे खरं आहे. काढलेला भाग सरावाच्या फाइलमध्ये किंवा छोट्या रेकॉर्डिंगमध्ये द्या, पण जिवंत तासात ठासून भरू नका. रेकॉर्डिंगने जे भागतं त्यासाठी चाळीस जणांना एका वेळी एकत्र कशाला बोलवायचं?

मधूनमधून विचारण्याचा फायदा अंदाजावर सोडण्याची गरज नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २१ मिनिटांचं ऑनलाइन व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं होतं. प्रत्येक तुकड्यानंतर ज्यांना छोटी चाचणी दिली, त्यांचं मन इतरांपेक्षा निम्म्याच वेळा भरकटलं, आणि त्यांनी टिपणंही जास्त काढली. यावरून दर अमुक मिनिटांनी लक्ष उडतंच, असा नियम मात्र काढू नका. “माणसाचं लक्ष दहा-पंधरा मिनिटंच टिकतं” हे विधान सर्रास ऐकू येतं, त्याला भक्कम आधार नाही. घड्याळाकडे बघून पोल टाकू नका. एक कल्पना पूर्ण झाली की तिथे विचारा. एक्सेलमध्ये तो टप्पा साधारण सहा-आठ मिनिटांनी येतो.

प्रश्न विचारल्यावर थांबायचं किती? अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांब झाली, उत्तरच न येणं कमी झालं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. हा समोरासमोरचा हिशेब. ऑनलाइन बटण शोधायचं, कळफलक उघडायचा, मराठी-इंग्रजी टायपिंग बदलायचं, यात वेळ जातो. चॅटमध्ये एका आकड्यासाठी १०-१५ सेकंद द्या आणि एका वाक्यासाठी ४०. आणि थांबणार आहात हे बोलून सांगा: “मी आता चाळीस सेकंद बोलणार नाही, तुम्ही लिहा.” न सांगता गप्प बसलात की लोकांना वाटतं नेट गेलं, आणि चॅटमध्ये “आवाज येत नाही” सुरू होतं. हे चाळीस सेकंद सुरुवातीला फार लांब वाटतात. समोर घड्याळ ठेवा आणि स्वतःला बोलू देऊ नका. दहाव्या सेकंदाला न राहवून सूचना दिलीत, की लिहिणारा थांबून तुमच्याकडे बघतो.

नेहमीच्या दोघांचा प्रश्न याच चॅटने सुटतो. सगळ्यांना सांगा: “उत्तर लिहा, पण पाठवू नका. मी ‘पाठवा’ म्हटलं की एकदम पाठवायचं.” मग पस्तीस उत्तरं एका क्षणी येतात. कुणी पहिला नसतो, कुणी शेवटचा नसतो, आणि भरभर लिहिणाऱ्याचं वाचून बाकीचे उत्तर बदलत नाहीत. आल्यावर सगळी वाचायला जाऊ नका. पंधरा सेकंद नजर फिरवा, दोन-तीन प्रकार निवडा आणि नाव न घेता बोला. समजा “दराचा सेल जागेवर कसा ठेवाल?” असं विचारलं होतं (एफ१ ऐवजी $एफ$१ लिहिलं की सूत्र ओढलं तरी तो सेल सरकत नाही). मग म्हणा: “बऱ्याच जणांनी डॉलरचं चिन्ह म्हटलंय, काहींनी सूत्र पुन्हा हाताने लिहायचं म्हटलंय. दुसऱ्यानेही उत्तर बरोबर येईल, पण पाचशे ओळी असतील तर?” चुकीच्या उत्तराशी नाव जोडू नका. चांगल्या उत्तराचं नाव घ्यायचं असेल तर आधी विचारा, “तुम्ही लिहिलेलं वाचू का? वाटलं तर माइकवरून तुम्हीच सांगा.” त्याला आपलं उत्तर चाललंय हे कळलेलं असतं, त्यामुळे तो बोलायला तयार होतो. अचानक नाव पुकारून उभं करणं ऑनलाइन टाळाच. माणूस त्या क्षणी कुठे बसलाय, शेजारी कोण आहे, हे आपल्याला दिसत नसतं.

मोबाइलवरून येणाऱ्यांचा विचार इथे करावा लागतो. फोनवर चॅट उघडला की तुमची शेअर केलेली स्क्रीन झाकली जाते. स्लाइडवर प्रश्न दाखवून उत्तर चॅटमध्ये मागितलं तर त्यांना दोन्ही एकदम दिसत नाहीत. म्हणून प्रश्न दोनदा वाचून दाखवा आणि चॅटमध्येही टाका.

तुमच्या विषयाला सगळ्यात जास्त लाभेल अशी गोष्ट म्हणजे आकडा मागणं. तुम्ही करत जाता आणि विद्यार्थी मागोमाग करतात, ही पद्धत ऑनलाइन बिघडते. एकाच स्क्रीनवर तुमची खिडकी आणि त्यांचं एक्सेल असतं, दोन्हींत उडी मारता मारता एक पायरी सुटते आणि माणूस मागे पडून गप्प होतो. त्याऐवजी तीन मिनिटं फक्त दाखवा. “हात कळफलकावरून काढा, नुसतं बघा” असं स्पष्ट सांगा. मग स्क्रीन शेअर बंद करा, म्हणजे त्यांना त्यांची पूर्ण स्क्रीन मोकळी मिळते. चार-पाच मिनिटं ते करतील. सूत्रातला दराचा सेल $एफ$१ असा बांधायचा, सूत्र खाली ओढायचं, सी७ मध्ये सी२ ते सी६ ची बेरीज घ्यायची आणि ती चॅटमध्ये लिहायची. फाइल आदल्या दिवशी पोचलेली असावी. तासात लिंक वाटण्यात पाच मिनिटं जातात आणि फोनवाल्यांचं डाउनलोड अडतं.

आता चॅटमधले आकडे वाचा. १५०० आलं तर बरोबर. १०० आलं तर डॉलर विसरला, कारण पहिली ओळ सोडून बाकी सगळीकडे रिकाम्या सेलशी गुणाकार झाला. १००० आलं तर सूत्र बरोबर, बेरजेत शेवटची ओळ सुटली. १,५०,००० आलं तर एफ१ मध्ये १०% ऐवजी नुसते १० लिहिलेत. “समजलं का?” न विचारता तुम्हाला अर्ध्या मिनिटात कळलं की कोण कुठे अडलंय, आणि ज्याचं १०० आलं त्याला लाजायचं कारण नाही, त्याने नुसता एक आकडा लिहिलाय. सरावाचे आकडे असे निवडा की प्रत्येक चुकीतून वेगळं उत्तर बाहेर पडेल. याला तयारीत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. रंगीत स्लाइडवर घालवलेल्या दोन तासांपेक्षा ही वीस मिनिटं जास्त कामाची.

ब्रेकआउट रूममधून लोक पळाले याची कारणं बहुधा तीन: काम नेमकं नव्हतं, सूचना लिहून दिलेली नव्हती, आणि ज्यांना बोलणं शक्यच नव्हतं त्यांना दुसरी वाट नव्हती. “चर्चा करा” हे काम होत नाही. “या फाइलमधल्या तीन चुका शोधा आणि शीटमध्ये तुमच्या रूमच्या ओळीत लिहा” हे काम आहे. एक सामायिक गूगल शीट करा. वर सूचना, खाली रूम १ ते १० अशा ओळी. लिंक रूम उघडायच्या आधी द्या आणि ती सगळ्यांकडे उघडली का हे चॅटमध्ये “१” लिहून घेऊन पाहा. सूचना फक्त तोंडी दिली की रूममध्ये गेल्यावर पहिला प्रश्न “काय करायचं होतं?” हाच असतो. शीटचा दुसरा फायदा तुमचा आहे. कुठली ओळ भरतेय, कुठली रिकामी आहे, हे मुख्य खोलीत बसून दिसतं, आणि रिकाम्या ओळीच्या रूममध्येच तुम्ही डोकावता. सगळ्या रूममध्ये चक्कर मारू नका. शिक्षक आत आला की बोलणं थांबतं.

४० जणांचे चौघांचे दहा गट करा. तिघांचे केले आणि एकाचं नेट गेलं तर दोघं अवघडून बसतात. सहांचे केले तर दोघं बोलतात आणि चौघं ऐकतात. वेळ सहा-सात मिनिटं. त्यातलं पहिलं मिनिट जोडलं जाण्यात आणि नमस्कारात जातं, त्यामुळे तीन मिनिटांची रूम ही नुसती ये-जा ठरते. शीटमध्ये कोण लिहिणार हे तुम्हीच ठरवून द्या: ज्याचं नाव वर्णमालेत आधी येतं तो लिहील. नाहीतर “कोण लिहिणार?” यावर दोन मिनिटं शांतता. पाठवण्याआधी प्रत्येकाला एक मिनिट एकट्याने विचार करू द्या. फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडलेल्या “विचार करा, जोडीने बोला, सगळ्यांना सांगा” या पद्धतीतलं हे पहिलं पाऊल लोक बहुतेकदा गाळतात, आणि मग आत गेल्यावर कुणाकडे बोलायला काही नसतं. दोन मिनिटं उरली असताना सगळ्या रूमना संदेश पाठवा. रूम बंद केल्यावर झूम एरवी साठ सेकंदांची मुदत देतं, तीही वेळेत धरा.

आणि जायच्या आधी हे नक्की सांगा: “ज्यांना आता बोलता येणार नाही त्यांनी मुख्य खोलीत थांबा, हेच काम एकट्याने करा आणि उत्तर शीटच्या शेवटच्या ओळींत लिहा.” निघून गेलेल्या दहा-बारांपैकी बरेच जण यामुळे थांबतील. परत आल्यावर दहाही गटांना बोलायला लावू नका. दोन-दोन मिनिटं धरली तरी वीस मिनिटं होतात आणि चौथ्या गटापासून तेच ते ऐकू येतं. शीट बघून ज्यांची उत्तरं जुळत नाहीत असे दोन गट निवडा आणि त्यांनाच विचारा.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका. कॉर्नेल विद्यापीठातल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत विद्यार्थ्यांनी कॅमेरा न लावण्याची कारणं सांगितली: आपण कसे दिसतो याची चिंता, मागे घर आणि घरातली माणसं दिसणं, आणि कमकुवत नेट. यातलं एकही कारण तुमच्या आग्रहाने जाणार नाही. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी त्याच वर्षी मांडलं की स्वतःचाच चेहरा सतत समोर दिसणं हेही व्हिडिओ कॉलच्या थकव्याचं एक कारण आहे. हवं तर छोट्या रूममध्ये कॅमेरा लावायला सुचवा, आणि स्वतःचा चेहरा लपवायची सोय झूममध्ये आहे हे दाखवून द्या. काळे चौकोन बघून मन खचतं हे समजू शकतं, पण कोण शिकतंय हे तुम्हाला चॅटमधले आकडे चेहऱ्यांपेक्षा जास्त खात्रीने सांगतील.

आता ३०० जणांचा वेबिनार. आधी हे ठरवा की झूमची साधी मीटिंग हवी की वेबिनारचा प्रकार. वेबिनार प्रकारात प्रेक्षक एकमेकांना दिसत नाहीत आणि ब्रेकआउट रूम मिळत नाहीत. पोल, चॅट, हात वर करणं आणि प्रश्नोत्तरांची वेगळी खिडकी मिळते. ३०० जणांना गटांत पाठवायचा मोह तसाही सोडा. एक एक्सेलचा तास चालवता चालवता पंच्याहत्तर रूम सांभाळणं एका माणसाचं काम नाही.

दोन मदतनीस हवेतच. एक जण प्रश्न बघेल, दुसरा आवाज, प्रवेश आणि पोल. तुम्ही स्वतः चॅट वाचत शिकवू लागलात की वाक्यं तुटतात, आणि ३०० जणांचा चॅट इतका धावतो की वाचताही येत नाही. प्रेक्षकांना पहिल्याच मिनिटाला सांगा: शंका प्रश्नोत्तरांच्या खिडकीत, आणि चॅटमध्ये फक्त मी विचारेन तेव्हाचं एका शब्दाचं उत्तर. त्या खिडकीत दुसऱ्याच्या प्रश्नाला पसंती देण्याची सोय सेटिंगमध्ये आधी चालू करून घ्या, म्हणजे जास्त जणांना पडलेला प्रश्न वर येतो. मदतनिसाने सारखे प्रश्न एकत्र करायचे आणि तुम्हाला तोंडी विचारायचे: “पाच-सहा जणांना विचारायचंय की...” दोन आवाजांचं बोलणं ऐकायलाही बरं वाटतं.

प्रश्नोत्तरं शेवटच्या दहा मिनिटांवर ठेवू नका. शिकवणं लांबतं आणि ती दहा मिनिटं त्यात जातात. तासाभराच्या वेबिनारमध्ये साधारण १५ व्या, ३० व्या आणि ४५ व्या मिनिटाला चार-चार मिनिटं थांबा, प्रत्येक वेळी दोन-तीन प्रश्न घ्या. सुरुवातीचा पोल “तुम्ही कुठून आलात?” असा नको. “एक्सेलमध्ये सगळ्यात जास्त वेळ कशात जातो: माहिती भरण्यात, शोधण्यात, जुळवण्यात की अहवालात?” असं विचारा आणि चारही पर्यायांच्या उदाहरणांच्या फाइली तयार ठेवा. ज्याला जास्त मतं पडतील ती उघडा आणि तसं बोलून दाखवा: “बहुतेकांचा वेळ जुळवण्यात जातोय, म्हणून आज हे उदाहरण घेतेय.” ३०० जणांना त्या क्षणी कळतं की आपलं क्लिक कुठेतरी पोचलं.

वेबिनार यूट्यूबवरही थेट दाखवणार असाल तर तिथे चित्र काही सेकंद उशिरा पोचतं. सेटिंगमध्ये उशीर कमी ठेवण्याचा पर्याय निवडा आणि तिथल्या उत्तरांसाठी जास्त थांबा, नाहीतर त्यांची उत्तरं तुम्ही पुढे गेल्यावर येतात.

तालीम एकदा पूर्ण करा. वेबिनारमध्ये प्रेक्षक येण्याआधीची प्रॅक्टिस सेशनची सोय आहे, पण ती आदल्या दिवशीच्या तालमीऐवजी चालणार नाही. पोल आधीच तयार आहेत का, मदतनिसाला ते चालू करता येतात का, तुमच्या एक्सेलची अक्षरं फोनवर वाचता येतात का (स्क्रीन १५० टक्के मोठी केली की सहसा येतात), हे एका फोनवरून प्रेक्षक म्हणून आत येऊन बघा. मदतनिसाला को-होस्ट करा, म्हणजे तुमचं नेट गेलं तरी सत्र चालू राहील. तुमचाच दुसरा फोन जोडून ठेवत असाल तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत, नाहीतर आवाज घुमतो. स्वतःसाठी हेडफोनचा माइक वापरा. चित्र अडखळलं तरी लोक थांबतात, आवाज फाटला की निघून जातात.

एवढं सगळं येत्या शनिवारी करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त तीन गोष्टी: “समजलं का?” तोंडातून जाऊ द्यायचं नाही, दोन वाटांचा एक पोल, आणि सी७ मधला आकडा चॅटमध्ये. एकदम पाठवायचा चॅट दुसऱ्या आठवड्यात. ब्रेकआउट रूम तिसऱ्या आठवड्यात, तीही तासाच्या अर्ध्यानंतर. तोवर लोकांना लिहायची सवय लागलेली असेल. दर वेळी तास संपल्यावर चॅट जतन करा आणि किती वेगवेगळ्या नावांनी निदान एकदा लिहिलं ते मोजा. संदेशांची संख्या मोजू नका, ती ते दोघंच वाढवतात. आज हा आकडा बहुधा पाचाच्या आत असेल. वेबिनारपर्यंत तो पंचविसाच्या वर गेला तर पद्धत बसली. पंधरावर अडला तर चाळीस सेकंद पूर्ण थांबत होतात का, हे आधी रेकॉर्डिंगमध्ये तपासा.

शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा आणि त्यात एकच विचारा: “आज नेमक्या कोणत्या पायरीला अडलात? एक ओळ लिहा, फक्त मला दिसेल अशी.” झूमच्या चॅटमध्ये संदेश फक्त होस्टला पाठवता येतो, तो कसा ते एकदा दाखवा. त्या ओळींतली जी अडचण सगळ्यात जास्त वेळा आली असेल, तिच्यावरच पुढच्या शनिवारचा पहिला पोल बनवा, आणि तो टाकताना सांगा की हा प्रश्न तुमच्याच ओळींतून आलाय.